अंगठ्याचं नख

वालाच्या शेंगा बाजारात आल्या, की मला नखं आठवतात.

परवा नेरूळच्या मंडईत यंदाच्या पहिल्या शेंगा दिसल्या. हिरव्यागार, कडेला किंचित जांभळी झाक, आत दाणे टच्च भरलेले. सवयीने एक उचलली, अंगठ्याच्या नखाने तिची शीर उसवली आणि दाणा दाबून पाहिला. भाजीवाली म्हणाली, "कवळ्या हायेत ताई. भाजी करा नायतर पोपटी लावा, फसनार नाय." मी पिशवी पुढे केली खरी, पण लक्ष स्वतःच्या अंगठ्याकडेच होतं. नख शाबूत होतं. माझं तुटलं असतं तरी कुणाचं काही अडलं नसतं म्हणा. पण काही माणसांचं नख तुटलं की आख्खं सभागृह अडून बसतं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

नवी मुंबईत थंडी कुठे असते, असं पुण्याचे पाहुणे नाक उडवून म्हणतात. म्हणोत बापडे. जानेवारीतली आमची हवा त्यांना कळायची नाही. खाडीवरून येणारा नेहमीचा दमट, चिकट वारा एके दिवशी अचानक सुट्टीवर जातो. ओठ फुटतात. पावसाळाभर फुगून बसलेली कपाटाची दारं आपली आपण उघडायला लागतात. सकाळी गच्चीवरून पलीकडचे डोंगर धुऊन ठेवल्यासारखे स्वच्छ दिसतात, आणि दुपारी रस्त्याकडेच्या झाडांची पानं बुटाखाली कुरकुरतात. माणसांना ही हवा मानवते. लाकडाला मात्र मानवत नाही. गिटारचं लाकूड या दिवसांत आक्रसतं आणि तिच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बाहेर येऊन बोटांना टोचू लागतात. मग जाणती मंडळी साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीला भोकं पाडतात, आत ओला स्पंज घालतात आणि ती डबी गिटारच्या पेटीत ठेवतात. माझ्या घरात अशा डब्यांचा एक खण आहे. नवीन कामवालीला तो दाखवावा लागतो, नाहीतर ती त्यात साबण भरून मोकळी होते.

मला गिटार येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कोणी आग्रह करत नाही. मुलगा शाळेत असताना त्याला साळवी सरांच्या क्लासला घेऊन जायचे. तो आत वाजवायचा, मी बाहेरच्या खोलीत बसून वाटाणे सोलायचे. पुढे मुलगा इंजिनियर झाला, बंगलोरला गेला, गिटार माळ्यावर गेली. क्लास सोडला तो त्याने. मी कुठे सोडला होता? मी राहिलेच. सरांच्या विद्यार्थ्यांनी दर हिवाळ्यात भरवलेला छोटासा कार्यक्रम वाढत वाढत शहराचा गिटार महोत्सव झाला आणि त्याची मागची बाजू माझ्याकडे आली. गोव्याहून, कोलकात्याहून वादक येतात, पुढच्या बाजूला टाळ्या होतात, फोटो निघतात. मागच्या बाजूला मी असते. आणि ते काम मला उत्तम येतं. यात विनय दाखवण्यासारखं काही नाही.

मागची बाजू म्हणजे काय, तर मुख्यतः खुर्ची. गिटार वाजवणाऱ्याला बिनहाताची खुर्ची लागते, कारण हात असले की गिटार त्यांना धडकते. ती फार उंच चालत नाही, बुटकी चालत नाही, कुरकुरणारी तर अजिबात नाही. डाव्या पायाखाली एक चौरंगासारखा लहान पाट लागतो. मग हवा. गिटार गाडीतून उतरली की लगेच वाजवायची नसते, तिला आधी हॉलच्या हवेत उघडी ठेवायची. आम्ही त्याला 'गिटारला घर दाखवणं' म्हणतो. ग्रीनरूममध्ये खुर्च्यांवर एकेक गिटार टेकून बसवलेली असते, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखी, आणि वादक भिंतीशी उभे राहतात. चहाचे कप त्या खोलीत नेऊ देत नाही मी. एकदा नेऊ दिले होते, ती वेगळी कथा आहे.

आणि मग नखं. आपल्याकडे गिटार म्हटलं की शेकोटी, मित्रमंडळी आणि खणाखणा वाजणाऱ्या तारा डोळ्यांपुढे येतात. ही गिटार तशी नाही. ही मांडीवर घेऊन एकट्याने, बोटांनी वाजवायची. उजव्या हाताची नखं वाढवून, घासून, प्रत्येकाने आपापल्या तारेला मानवेल असा आकार दिलेला असतो. आवाज तिथे तयार होतो. म्हणून महोत्सवाच्या दिवसांत आमच्याकडे कोणी कलाकाराशी उजव्या हाताने हात मिळवत नाही, नमस्कार करतात. बाटलीचं झाकण कलाकार उघडत नाही. बॅगेची चेन ओढत नाही, शर्टाचं वरचं बटण लावत नाही. नव्या स्वयंसेवकांना हे सांगितलं की ते हसतात. मी त्यांना हसू देते आणि मग ड्युटी लावते.

हे नियम साळवी सरांचे. सर मूळचे गुहागरकडचे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रसायनांच्या कंपनीत आयुष्यभर नोकरी केली आणि संध्याकाळी नेरूळच्या आपल्या फ्लॅटमध्ये शिकवलं. अंगाने काटक, बोलणं तिरकं. एखादा मुलगा चुकीचं वाजवत असला की म्हणायचे, "छान. आता जे लिहिलंय ते वाजव." माइकशी त्यांचं हाडवैर. महोत्सवात माइक फक्त सूत्रसंचालकाला, वादकाला नाही. "आवाज मोठा केला की लोक कान बंद करतात," हे त्यांचं म्हणणं. मला ते पुरतं पटलेलं नव्हतं, पण माइक नसला की मागच्या बाजूची निम्मी कटकट कमी होते, म्हणून मी त्यांच्या बाजूने होते.

हाच माणूस आपल्या महोत्सवात कधी वाजवत नसे. दर वर्षी कोणीतरी विचारायचं. सर म्हणायचे, "घरचं कार्य आहे. घरचे शेवटच्या पंगतीला बसतात." पण त्यांची ती शेवटची पंगत काही बसायची नाही. पडदा पडला की ते खुर्च्या मोजायला लागायचे.

ज्या हिवाळ्याबद्दल मी बोलते आहे, त्या हिवाळ्यानंतर सर गुहागरला परत जाणार होते. कायमचे. फ्लॅट विकून झाला होता, खोकी भरून झाली होती. क्लासमधल्या भिंतीवर जिथे मुलं पाठ टेकून बसायची, तिथला मळका पट्टा तेवढा उरला होता. वाजवाल का, हे मी त्यांना विचारलंच नाही. कार्यक्रमपत्रिका छापायला देताना शेवटच्या संध्याकाळी, शेवटचं नाव म्हणून त्यांचं घातलं. छापून आल्यावर त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते तर स्कूटर चालवताना उजव्या हातात लोकरीचा हातमोजा. मला कळलं, होकार आला.

त्यानंतर ती नखं आम्ही सगळ्यांनी मिळून वाढवली म्हटलं तरी चालेल. सरांच्या पिशव्या उचलायला पोरांची चढाओढ लागे. वॉचमन लिफ्टचं दार उघडून धरायचा. अंगठ्याचं नख तर त्यांनी असं काही जपलं होतं की बोलताना मध्येच ते खिडकीकडे धरून बघत. क्लासच्या मुली आपसांत म्हणायच्या की सरांना साखरपुड्याची अंगठी मिळाली आहे.

आता जागेचं. आमचं नेहमीचं नाट्यगृह त्या वर्षी दुरुस्तीसाठी बंद होतं. धावून आला तो निलेश भोईर. नेरूळच्या जुन्या गावठाणातला. बापजाद्यांची भातशेती होती तिथे आज आमच्यासारख्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत. कळंबोलीच्या लोखंड बाजारात निलेशचे ट्रेलर फिरतात आणि गावात त्याचं मंगल कार्यालय आहे. मुलगी तन्वी सरांकडे शिकायची. "काकू, आपला हॉल हाय ना," तो म्हणाला, "टेन्शन कशाला घेता?" हॉल चांगला होता, उंच छताचा, आवाज छान फिरायचा. फक्त खुर्ची मिळेना. मंगल कार्यालयात एक तर हात असलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, नाहीतर नवरा-नवरीची लाल मखमलीची सिंहासनं. कोलकात्याचा एक वादक त्या सिंहासनावर बसून बघत होता, तेव्हा मी त्याला अक्षता टाकायच्या का विचारलं. शेवटी निलेशच्या घरातली जेवणाच्या टेबलाची खुर्ची आली आणि सगळ्यांनी तीच वापरली.

शेवटच्या दिवशी दुपारी निलेशने वादकांसाठी पोपटी लावली. पोपटी खरी संध्याकाळची, पण संध्याकाळी कार्यक्रम, म्हणून उन्हातच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा, जाडं मीठ. वरून पुन्हा पाल्याने तोंड गच्च बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-पालापाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. हॉलच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर जाळ झाला, धूर सरळ वर गेला, आणि मडकं उघडल्यावर जो वास सुटला तो मी कोणाला सांगून समजावू शकत नाही. ओवा, धूर, ओला पाला, भाजलेली माती. गोव्याचा वादक डोळे मिटून उभाच राहिला.

या सगळ्यावर हुकूम होता बायचा. बाय म्हणजे निलेशची आई, आख्खं गाव तिला बायच म्हणतं. काष्ट्याचं लुगडं, कानांत सोनं आणि कमरेला हॉलच्या किल्ल्यांचा जुडगा. मुलाच्या नावावर काहीही असो, किल्ल्या तिच्याकडे. केळीच्या पानावर शेंगांचा वाफाळता ढीग ओतून ती सगळ्यांकडे बघत होती. वादक मंडळी हात मागे बांधून उभी, आणि आमची पोरं त्यांना शेंगा सोलून वाटीत देत होती. सरांना तन्वी सोलून देत होती. सर चमच्याने दाणे खात होते.

बायला ते बघवेना. "याला हात नाय काय?" तिने मला विचारलं.

मी नखांचं सांगितलं. बायने सरांचा उजवा हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "बायकांसारखी नखा वाढवलीस," ती म्हणाली, "तं मंग सोलाला कामाची. चमच्यानी खाल्लेली पोपटी नसतं रं. एक तरी सोल."

सर हसले. मला वाटलं, तिरकं काहीतरी बोलतील आणि सुटतील. पण त्यांनी एक शेंग उचलली, हुंगली, आणि त्यांचा चेहराच बदलला. "आमच्याकडे आई उन्हात बसून सोलायला लावायची," ते म्हणाले, "मी सगळ्या भावंडांत फास्ट होतो." एक शेंग सोलली, दुसरी सोलली. बाय टाकत गेली, ते सोलत गेले. इतक्या वर्षांत त्या माणसाला मी असं खाताना पाहिलं नव्हतं, बोटं काळी, मिशीला मीठ. मी त्यांना अडवायला हवं होतं असं नंतर बरेच जण म्हणाले. मला तसं मुळीच वाटत नाही. पुन्हा ती दुपार आली तरी मी अडवणार नाही.

एक शेंग निबर निघाली. भाजून तिची शीर वायरसारखी झाली होती. 'टक्' असा अगदी बारीक आवाज आला. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. गोवा, पुणे, कोलकाता, सगळे वादक चावता चावता थांबले. सरांनी अंगठा डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. नख मुळापर्यंत चिरलं होतं आणि एक तुकडा शेंगेच्या सालीत राहिला होता.

"काय झाला?" बायने विचारलं. "सगली गप का?"

तन्वीने तिला हळूच सांगितलं. बायने पानावरच्या उरलेल्या शेंगा गोळा केल्या आणि आत नेऊन ठेवल्या.

आता माझ्या पिशवीत कायम एक पिंगपाँगचा चेंडू असतो. विमानतळावर एकदा पिशवी तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, तुम्ही टेबल टेनिस खेळता का? मी म्हटलं, नाही, गिटार. त्या बाईंनी पिशवी दोनदा तपासली. पण जगभरचे गिटारवाले तुटलेल्या नखावर हाच इलाज करतात. चेंडूच्या गोलाईचा तुकडा कापायचा, नखाखाली झटपट चिकटणाऱ्या गोंदाने डकवायचा आणि घासून आकार द्यायचा. त्या दुपारी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधून चेंडू आला. गोव्याच्या वादकाने सोनाराच्या तन्मयतेने तो कापला, चिकटवला, घासला. वधूची खोली हीच आमची ग्रीनरूम, तिथे सगळे दाटीने उभे. सरांनी हळू वाजवलं, टिकलं. जोरात वाजवलं, आणि तो तुकडा उडून वधूच्या खोलीतल्या आरशावर आपटला. पुन्हा चिकटवला, पुन्हा उडाला. चिकटवायला खाली नखच उरलेलं नव्हतं.

सरांनी अंगठा धुतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाव काढा बाई. सांगा, तब्येत बरी नाही."

मी सगळ्यांना बाहेर काढलं. वधूच्या त्या खोलीत गुलाबी पडदे होते आणि कोपऱ्यात कोणाच्या तरी लग्नातला मुंडावळ्यांचा तुकडा पडला होता. खुर्च्यांवर गिटारी बसल्या होत्या. मी म्हटलं, "तब्येत तर ठणठणीत आहे. खरं काय ते सांगा."

ते आरशाकडे बघत म्हणाले, "नख हे निमित्त झालं. मला भीती वाटते. एवढी वर्षं पोरांना सांगितलं, असं वाजव, तसं वाजव. त्यातली काही माझ्या पुढे गेली. आता मी स्वतः वाजवलं, लोकांनी ऐकलं, आणि त्यांना काही वाटलंच नाही तर? मग मी गुहागरला काय घेऊन जाऊ?"

या माणसाने आम्हाला वर्षानुवर्षं झापलं होतं, आमच्या पोरांना रडवलं होतं, आणि आम्हाला तो केवढा हवा होता हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पण तेव्हा तसं सांगत बसले असते तर दोघंही रडलो असतो आणि कार्यक्रमाची वेळ गेली असती. मी गिटार उचलून त्यांच्या मांडीवर दिली. "नखाशिवाय वाजवून दाखवा."

त्यांनी उघड्या अंगठ्याने तार छेडली. आवाज अगदीच वेगळा आला. नखाची चकाकी गेली होती. मऊ, जाडसर, दुसऱ्या खोलीत कोणी आपल्याशीच बोलावं तसा. मला तो आवडला. सरांनी मान हलवली. "हा दुसऱ्या रांगेपुढे जायचा नाही."

"कुठवर जातो ते माझ्यावर सोडा," मी म्हटलं. "तुम्ही फक्त वाजवा."

"मोठं काही वाजवता येणार नाही."

"मग लहान वाजवा."

ते विचार करू लागले, आणि मग त्यांच्या मिशीत पहिल्यांदा काहीतरी हललं. "चहाचा धडा वाजवतो," ते म्हणाले.

चहाचा धडा सरांनी स्वतः रचलेला. क्लासमध्ये नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला तो पहिल्यांदा मिळे. तो वाजवायला लावून सर आत चहा करायला जायचे आणि ते परत येईपर्यंत थांबायचं नाही असा नियम होता. चार बोटांची साधी ये-जा, खाली अंगठ्याचा संथ ठेका. माझ्या घरात तो इतक्यांदा वाजला होता की मी त्याच्या तालावर पोळ्या लाटत असे.

माइक सर घेणार नव्हते, आवाज वाढवणं तर आमच्या हातात नव्हतं, म्हणून आम्ही बाकीचं सगळं कमी करायला घेतलं. एसी बंद केले. जानेवारी होता, चालून गेलं. पंखे बंद. मागच्या स्वयंपाकघरात आइस्क्रीमचा फ्रीजर घरघरत होता, त्याचा प्लग काढला. एक ट्यूबलाइट गुणगुणत होती, ती विझवली. दाराला तेल घातलं. स्वयंसेवकांना चपला काढायला लावल्या, खिशातल्या किल्ल्या काढायला लावल्या. बाहेर रिक्षावाल्यांना हात जोडून इंजिन बंद करायला सांगितलं, त्यांनी केली. मी एकेक गोष्ट विझवत गेले, तसा तो हॉल खाली खाली उतरत गेला. शहरात किती गोष्टी आपल्या नकळत वाजत असतात ते मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं, झालं, जिंकलो. आणि नेमकं तेव्हा मागच्या भिंतीतून धाड धाड आवाज सुरू झाला. स्टेजवरची खुर्ची थरथरायला लागली.

निलेशचा चेहरा पडला. "मागच्या आलीत हलद हाय काकू. चुलत भावाच्या पोराची." मग आणखी खाली मान घालून म्हणाला, "मोठी सिस्टीम आपलीच हाय. तुमी बोललात वादकांना माइक लागत नाय, म्हनून मी तिकडं दिली."

आगरी हळद म्हणजे काय हे नेरूळमध्ये राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. लग्नाला एक वेळ उशिरा जाल तर चालेल, हळदीला नाही. डीजे लागला की मांडवातली म्हातारी माणसंसुद्धा नाचतात, आणि तो बंद करा म्हणायला जाणारा माणूस परत येताना स्वतःच्या पायांनी येईल याची खात्री नसते. निलेश जायला निघाला. बायने त्याला हाताने थोपवलं.

"तू नको जाव. भांडन करशील," ती म्हणाली. "मी जातंय. शेंगा मीच दिल्या ना त्याला?" तिने किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्या हातात दिला, वाजू नये म्हणून, आणि मागच्या दाराने गेली.

आम्ही वाट पाहत राहिलो. हॉल भरत आला. सरांचे जुने विद्यार्थी कुठून कुठून आले होते, कोणी बायको-मुलांना घेऊन, कोणी ऑफिसातून थेट. आधीच्या वादकाने भिंतीतल्या त्या धडधडीशी झुंजत कसंबसं वादन उरकलं. मग सरांचं नाव पुकारलं गेलं. सर विंगेत माझ्याशेजारी उभे होते, कोरड्या हवेतही तळहात शर्टाला पुसत. आणि भिंत गप्प झाली. मध्येच, गाण्याच्या भर मधोमध. नंतर कळलं, बायने तिथे जाऊन एक शब्दही वाद घातला नव्हता. डीजेच्या पेटीसमोर पाटावर जाऊन बसली आणि म्हणाली, आधी मना हलदीची जुनी गानी आयकायची, बायकांच्या तोंडची, बिनमाइकची. गावातल्या सगळ्यात मोठ्या बाईला नाही कोण म्हणणार? बायका गायला बसल्या, पोरं चडफडत कोल्ड्रिंक प्यायला गेली.

सर स्टेजवर गेले. भोईरांच्या जेवणाच्या खुर्चीवर बसले आणि वाजवायला लागले.

मी स्विचबोर्डवर हात ठेवून उभी होते. आवाज खरंच लहान होता. पहिल्या काही क्षणांत लोक पुढे वाकले, मग थांबून राहिले. आणि मग मला ते दिसलं. तिसऱ्या रांगेतल्या एका टक्कल पडलेल्या माणसाच्या डाव्या हाताची बोटं त्याच्या गुडघ्यावर हलत होती. त्याच्या पलीकडच्या बाईची पर्सवर. मागे एका मुलीची स्वतःच्या दुसऱ्या मनगटावर. सबंध हॉलभर, अंधुक उजेडात, सरांनी कधीकाळी शिकवलेली बोटं आपापल्या जागी दाबली जात होती. ज्यांनी गिटार केव्हाच माळ्यावर टाकली होती, त्यांचीसुद्धा. सर मान खाली घालून वाजवत होते, त्यांना यातलं काही दिसत नव्हतं. मला रडू आलं, ते मी येऊ दिलं. विंगेत कोण बघतंय?

धडा छोटाच. तो संपला. शेवटचा सूर इतका हळू विरला की तो संपला की नाही हेच कोणाला कळेना. कोणी टाळी वाजवली नाही. मग सरांनी मान वर केली. जे विचारायला आयुष्यभर घाबरले, ते त्यांनी चक्क मोठ्याने विचारलं, "मागे ऐकू आलं का?"

सगळ्यात मागे दार किलकिलं झालं होतं. चपला हातात घेऊन बाय आत शिरली होती, लुगड्याच्या खांद्याला हळद लागलेली.

"मना कसा आयकाला येल?" ती म्हणाली. "मी आताशी आयले, त्यांना गप बसवून. पयल्यापासून वाजव."

हॉलभर हसू फुटलं, आणि हसता हसताच टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. सर दोन्ही हातांनी गिटार धरून बसले होते. टाळ्या शांत व्हायची त्यांनी वाट पाहिली, पाट पायाने नीट केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

मला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. विझवायचं ते सगळं विझलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी स्विचबोर्ड सोडला, विंगेच्या पायऱ्या उतरले आणि मागच्या रांगेत बायच्या शेजारी जाऊन बसले. तिने पदराने घाम पुसला, पुढे वाकून ऐकलं.

"काय वाजवतंय ह्यो?" तिने विचारलं.

"पहिला धडा आहे," मी तिच्या कानाशी लागले, "सरांनी स्वतःच रचलेला. तो असा, की मुलाला एकदा सुरुवात करून दिली की..."

बायने माझ्या मांडीवर हात ठेवला.

"गप बस," ती म्हणाली. "आयकू दे."